हनीफचाचांविरुद्ध मी लिहिलेली फिर्याद

माझ्यावर ज्यांचे सगळ्यात जास्त उपकार आहेत, त्यांचं नाव हनीफ मिस्त्री. आईवडिलांना बाजूला ठेवून हे म्हणत नाही. माझ्या वडिलांना विचारलं तर तेही हेच सांगतील. हनीफचाचा गेली दोन वर्षं नाशिकच्या कोर्टात चोरीच्या खटल्यातले आरोपी आहेत. त्यांच्याविरुद्धची फिर्याद माझ्या अक्षरात आहे आणि तिच्याखाली सही माझी आहे.

आमच्या गिर्यारोहण क्लबला पंचवीस वर्षं होतायत म्हणून स्मरणिका निघते आहे. मागच्या महिन्यात अध्यक्षांचा फोन आला. "भास्कर, चाचांवर एक छान लेख दे. तुझा हात चांगला आहे. जुन्या आठवणी, किस्से, असं गोड लिही. ते कोर्टाचं काही त्यात आणू नको. ते काय, मिटेलच हळूहळू."

मी "बरं सर" म्हणालो. दोन वर्षांत मला दुसरं काही म्हणताच आलेलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र असा संताप आला की ऑफिसातून उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो. ज्या माणसाला यांनी चोर ठरवलं, त्याच्यावर यांना गोड लेख हवा होता, आणि तोही ज्यानं चोर म्हणून लिहिलं त्याच्याच हातून. म्हणून लिहायला बसलो आहे. हे स्मरणिकेत छापून येणार नाही हे मला माहीत आहे.

आधी गारकडा सांगायला हवा. त्र्यंबकच्या रस्त्यानं गेलं की उजवीकडे आत एक पाडा लागतो. तिथवर मोटारसायकल जाते, पुढे वीस मिनिटं चालायचं. साग, करंज आणि दोन थोराड आंब्यांच्या दाटीत चार मजल्यांएवढी काळ्या कातळाची भिंत उभी आहे. वैशाखात भर दुपारीसुद्धा तिच्यावर ऊन पडत नाही, म्हणून पाड्यावरचे लोक तिला गारकडा म्हणतात. ती सावली चढणाऱ्याला सुखाची असते आणि लोखंडाला वाईट. पाऊस थांबला तरी दिवाळीपर्यंत भिंतीतली ओल हटत नाही, आणि बोल्ट पुढून ठणठणीत दिसतो पण आतून कुजतो.

आमची चढाई त्या बोल्टांवर चालते. कातळात भोक पाडून बोल्ट ठोकलेला असतो, त्यावर नटानं आवळलेली एक प्लेट. चढणारा वर जाता जाता प्लेटमध्ये कडी अडकवतो आणि कडीतून आपली दोरी घेतो. खाली एकजण ती दोरी धरून उभा असतो. हात सुटला तर माणूस शेवटच्या प्लेटला लोंबकळतो. त्या वेळी त्याचा सगळा जीव अंगठ्याएवढ्या लोखंडावर असतो. गारकड्यावर अशा सात वाटा आणि सेहेचाळीस बोल्ट. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस चाचांनी ठोकलेले.

चाचा मूळचे येवल्याचे. घरात पैठणीचा हातमाग. पंचविशीपर्यंत ते मागावर बसले, मग मामांच्या ओळखीनं नाशिकला आले आणि द्वारकेजवळच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागले. क्लबशी त्यांचा संबंध आला तो गिऱ्हाईक म्हणून. क्लबला प्लेटा करून हव्या होत्या. चाचांनी नमुना हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "हे कुठं लावनार?"

"कड्यावर. माणूस लटकतो त्याला."

"मग मला आधी तो कडा दाखवा. काय लटकतंय ते बघितल्याशिवाय मी माल देत नाय."

बघायला गेले आणि तिथंच रमले. तेव्हा त्यांचं वय चाळीस होतं. घरी चाचींना सांगितलं, "डोंगरावर काम लागलंय." चाची अजून सांगतात, "वीस वर्षं झाली, ते काम काय संपेना."

मी नामपूरचा. वडील कांद्याच्या मार्केटात तोलाईचं काम करायचे. बारावीनंतर बीएस्सीला नाशिकला आलो आणि वसतिगृहातल्या एका मुलाबरोबर एका रविवारी गारकड्यावर गेलो. पहिलं जे दिसलं ते असं: एक बुटका, दाढीवाला माणूस आंब्याच्या मुळावर बसला होता. डोळे मिटलेले. साठ मीटर दोरी त्याच्या डाव्या हातातून उजव्या हातात जात होती, इंचाइंचानं. मी म्हणालो, "काका, किती वाजता सुरू होतं?" त्यांनी डोळे उघडले नाहीत. माझ्या मित्रानं मला मागे ओढलं. वीस मिनिटांनी दोरीचं दुसरं टोक आल्यावर ते म्हणाले, "आता बोल. गाव कुठलं?"

"नामपूर."

"तर नामपूर, धागा डोळ्यानं बघायचा नसतो. डोळा खोटं बोलतो. बोटाला बघू द्यायचं. आणि बोट बघत असताना तोंड बंद."

माणसाला ते गावाच्या नावानं हाक मारत. मी नामपूर, माझा मित्र लासलगाव, एक मुलगी होती ती सुरगाणा. अध्यक्षांचं शोरूम कॉलेज रोडला, म्हणून त्यांना समोरासमोर "कॉलेज रोड" म्हणत. अध्यक्ष हसत, पण ते त्यांना कधीच आवडलं नाही.

स्वभाव तापट. लोक आता त्यांना प्रेमळ वगैरे म्हणतात. ते प्रेमळ होतेच, पण आधी तापट होते, आणि तो राग कामाचा होता. दोरीवर कुणाचा पाय पडला की त्या दिवशी त्याची चढाई बंद. दिवसभर दुसऱ्यांची दोरी धरायची. कुणी स्पीकर आणून गाणी लावली तर बॅटरी काढून खिशात टाकत आणि संध्याकाळी पाड्यावर आल्यावर परत देत. "चालतंय की चाचा" हे शब्द कुणी उच्चारले तर संपलंच. "चालतंय म्हणजे? कोण चालतंय? तू चालतोयस. बोल्ट चालतोय का, विचारलंस त्याला?"

मी दांडगा होतो. विहिरीत उड्या मारून, चिंचेवर चढून हात लोखंडाचे झालेले. पहिल्याच दिवशी सोप्या वाटेवर सरसर वर गेलो आणि खाली बघून हसलो. चाचांनी मला खाली घेतलं. "ताकद हाये. पायात अक्कल नाय." मग जमिनीपासून हातभर उंचीवर बोटभर रुंदीच्या एका खाचेवर मला उभं केलं, हात पाठीमागे. "उभा राहा. मी चहा पिऊन येतो." ते पाड्यावर खरंच चहा प्यायला गेले. मी अकरा वेळा पडलो. परत आल्यावर म्हणाले, "किती वेळा?" मी म्हणालो, "चार." ते म्हणाले, "तुझ्या टाचेखालची माती दहाएक वेळा दबलीय." मला आजही त्यांच्यासमोर आकडा चोरता येत नाही.

बोल्ट तपासायची त्यांची एक पद्धत होती, ती सांगणं भाग आहे, कारण सगळं पुढे तिच्यावर आलं. नट पक्का आवळून झाला की ते चाचींची लाल नेलपॉलिश घेत आणि नटावरून प्लेटवर एक सरळ बारीक रेघ ओढत. वर्षभरात नट किंचितही फिरला तर रेघ तुटलेली दिसते. मग छोट्या हातोडीनं टकटक करून आवाज ऐकायचा. चांगला बोल्ट टण वाजतो, कुजलेला थप्प. दर वर्षी पाऊस ओसरला की ते सेहेचाळीस बोल्टांना लोंबकळत भेट देत. जिथं रेघ तुटली असेल किंवा आवाज बसका असेल, त्या प्लेटला लाल ठिपका मारत. ठिपका म्हणजे इथं दोरी लावायची नाही. बोल्ट बदलला की ठिपका पुसायचा. इतकी साधी गोष्ट होती ती. पाड्यावरच्या पोरांनाही ती माहीत होती.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी मी गणितात नापास झालो. घरी सांगितलं नाही. क्लबातही नाही. चाचांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक. रविवारी कमरेला पट्टा बांधायला घेतला तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "नामपूर, तू उद्यापासून वर्कशॉपला ये. सहा वाजता. वही घेऊन."

"चाचा, तिथं आवाज असतो."

"असू दे. आवाजात आलं तर कुठंही येईल."

मी आठ महिने रोज संध्याकाळी द्वारकेच्या त्या वर्कशॉपमध्ये, लेथच्या बाजूला एका खोक्यावर बसून गणित केलं. चाचा सातवी शिकलेले. आठ वाजता मशीन बंद करून हात पुसत समोर बसायचे. "आता मला सांग आज काय केलंस."

"चाचा, तुम्हाला कळणार नाही."

"मला गणित नाय कळनार. तुला कळलं का नाय ते कळेल."

आणि खरंच कळायचं. मी जिथं पाठ केलेलं घोकत असे तिथं ते हात वर करत. "थांब. इथं आवाज बदलला तुझा. इथलं परत कर." एकदाही चुकले नाहीत. निकालाच्या दिवशी माझ्याबरोबर कॉलेजात आले, स्वच्छ शर्ट घालून. माझ्या घराण्यात मी पहिला पदवीधर. यादीत नाव बघून मी रडायला लागलो तर म्हणाले, "रडतोस काय, नोकरीचा अर्ज कधी भरनार?" तो अर्जही त्यांनी उभं राहून भरून घेतला. आज मी ज्या सरकारी खुर्चीवर बसतो ती त्या खोक्यामुळे आहे.

नोकरी लागल्यावर वडील एकदा नाशिकला आले. पोरगा रविवारी कुठं जातो ते बघायला मी त्यांना गारकड्यावर नेलं. मी अर्ध्या भिंतीवर होतो. खालून वडिलांचा अहिराणीतला आवाज आला, "हाई काय शे? पोऱ्याले कसाले टांगेल शे तुम्हीन?"

चाचा शांतपणे म्हणाले, "दादा, या, तुम्ही धरा." दोरी धरण्याचं यंत्र त्यांनी वडिलांच्या कमरेला लावलं, मागून स्वतः टोक हातात ठेवलं आणि मला ओरडून सांगितलं, "नामपूर, हात सोड."

मला वाटलं चेष्टा आहे. "सोड म्हणतो ना."

मी सोडला. दोरी ताणली, वडील पुढे ओढले गेले, पाय रोवून उभे राहिले. आयुष्यभर पोती तोललेला माणूस. चाचा म्हणाले, "दादा, सोडू नका हं." वडील चिडून म्हणाले, "मी सोडसू का?" त्यानंतर पाच मिनिटं ते मला खाली घ्यायलाच तयार नव्हते. पुढे चाचांचा विषय निघाला की ते फक्त "तो भला मानूस" एवढंच म्हणत.

दसऱ्याला क्लबात सगळ्या सामानाची पूजा असते. दोऱ्या, कड्या, हातोड्या, ड्रिल मशीन. गारकड्याच्या पायथ्याला आंब्याखाली सतरंजी टाकून मांडायचं. चौदा वर्षं त्या पूजेची झेंडूची फुलं चाचा आणत, सकाळी बाजारातून ताजी. आणि हळदकुंकू लावायला कुणी पुढे झालं की म्हणत, "दोरीला नको, तिच्या पिशवीला लाव. तिला तेवढं पोचतं." कुंकवात काय मिसळलेलं असतं, त्यानं दोरीचा धागा खराब होतो, हे त्यांचं म्हणणं. सगळे ऐकायचे. नारळ अध्यक्ष फोडायचे, खोबरं चाचा वाटायचे. हे मी एवढ्या तपशिलानं सांगतो आहे त्याला कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी अध्यक्षांनी दसऱ्यालाच स्पर्धा ठेवली. शाळाकॉलेजातली चाळीस मुलं येणार होती. कुणी बडे पाहुणे नारळ वाढवायला येणार होते, फोटो निघणार होते. कडा चांगला दिसायला हवा म्हणून अध्यक्षांनी दोन मुलांना पाठवलं, आणि त्यांनी सगळ्या प्लेटांना आणि नटांना चांदी रंग मारला. तोच, जो आपण गेटला आणि शटरला मारतो. चाचांची रेघ गेली, लाल ठिपके गेले. त्या वर्षी ठिपके किती होते हे फक्त चाचांना माहीत होतं, आणि पाऊस लांबल्यामुळे त्यांची तपासणीही अर्धीच झालेली होती.

पूजेच्या दोन दिवस आधी चाचा राहिलेले बोल्ट बघायला गेले आणि तसेच परत येऊन थेट अध्यक्षांच्या शोरूमला आले. क्लबचा सचिव म्हणून मी तिथं होतो. चाचा घामानं भिजलेले होते. आवाज मात्र खाली होता, आणि मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"कॉलेज रोड, स्पर्धा आठ दिवस पुढे घ्या."

"चाचा, पाहुण्यांनी वेळ दिलाय. पत्रिका गेल्यात."

"रंग नटाच्या आट्यांत उतरलाय. मला आता एकेक उघडून बघायला लागेल. सेहेचाळीस हायेत."

"अहो, रंगानं बोल्ट तुटतो का?" अध्यक्ष हसले. शोरूममधले दोघेतिघेही हसले.

"रंगानं नाय तुटत. तुटलेला दिसत नाय."

अध्यक्ष म्हणाले, "एवढी वर्षं काही झालंय का?" चाचांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे वळले. "भास्कर, तू सांग यांना. तू शिकलेला हायेस."

त्यांनी मला नावानं हाक मारली होती, पहिल्यांदा. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "चाचा, एकाच दिवसाचा प्रश्न आहे."

ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी, खंडेनवमीला, ते एकटे गारकड्यावर गेले. वरच्या झाडाला दोरी बांधून सातही वाटांवरून उतरले आणि सेहेचाळीस प्लेटा काढून पोत्यात भरल्या. प्लेट नसली की दोरी लावायला जागाच नाही. दुपारी त्यांचा मला फोन आला. "प्लेटा मी काढल्यात. माझ्याकडे वर्कशॉपला हायेत. आठ दिवसात तपासून, बदलून लावून देतो. कॉलेज रोडला सांग." मी सांगितलं. त्यात लपवलेलं काय होतं? चोर फोन करून पत्ता सांगतो का?

संध्याकाळी अध्यक्षांनी मला शोरूमला बोलावलं. समोर कोरा कागद ठेवला. "पाहुण्यांना काय तोंड दाखवू मी? सचिव तू आहेस, फिर्याद तुझ्या नावानं जाईल. नुसती औपचारिकता. पोलीस दम देतील, प्लेटा परत येतील." मी लिहीत गेलो. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळालेलं. दीड पान झाल्यावर ते म्हणाले, "आता हे लिही," आणि सांगू लागले. मी लिहिलं: सदर इसम हा विशिष्ट समाजाचा असून त्याने आमच्या सणाच्या दिवशी जाणूनबुजून, पूजेत विघ्न आणण्याच्या हेतूने हे कृत्य केलेले आहे.

लिहून झाल्यावर मी विचारलं, "सर, हे कशाला?"

"वजन येतं," ते म्हणाले.

विचारलं ते लिहून झाल्यावर. आधी नाही. ही गोष्ट मी दोन वर्षं रोज मनात फिरवतो. ज्या माणसानं चौदा दसऱ्यांची फुलं आणली, त्याच्याबद्दल हे वाक्य मी सुवाच्य अक्षरात, मात्रा वेलांट्या सांभाळून लिहिलं. ज्या शिक्षणासाठी त्यानं मला खोक्यावर बसवलं, ते शिक्षण मी या वाक्याला वापरलं.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी पोलीस वर्कशॉपमध्ये गेले. चाचा दिवसभर ठाण्याच्या बाकावर होते. मालकानं चार दिवसांनी त्यांना सांगितलं, "मिस्त्री, आता वय झालं तुमचं, आराम करा." वर्कशॉपच्या गल्लीत कुणीतरी ते वाक्य पसरवलं होतं. महिन्याभरात चाचा आणि चाची भाड्याची खोली सोडून येवल्याला परत गेले. प्लेटा मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा झाल्या, स्पर्धा झालीच नाही. त्या कुणी उघडून बघितल्या नाहीत. क्लबनं पुढे शहरात कृत्रिम भिंत उभी केली आणि गारकडा सोडून दिला. अध्यक्षांचं काहीच अडलं नाही.

मी नंतर एका रविवारी एकटा गारकड्यावर गेलो. प्लेटा नव्हत्या, पण बोल्ट भिंतीतच होते. वरच्या झाडाला दोरी बांधून खाली उतरलो. तिसऱ्या वाटेवरचा चौथा बोल्ट, जिथं खाली जमीन सगळ्यात लांब आहे आणि वळणावर पोरं हमखास पडतात, तो मी बोटांत धरून ओढला. तो बाहेर आला. मागचा अर्धा भाग भुगा झालेला होता. मी तो खिशात घालून घरी आणला. त्यानंतर एक वर्ष गप्प बसलो. कारण सांगतो, त्यात लाज वाटण्यासारखं सगळंच आहे: खोटी फिर्याद दिली असं कबूल केलं तर नोकरीवर येईल असं एका वकिलानं सांगितलं होतं.

शेवटचं त्यांना बघितलं ते कोर्टाच्या व्हरांड्यात. मी अध्यक्षांच्या गाडीतून गेलो होतो. चाचा येवल्याहून पहिल्या एसटीनं आलेले, बाकाच्या कडेला बसले होते. दाढी पूर्ण पांढरी. आयुष्यभर लेथशेजारी उभं राहिल्यानं कान आता गेले आहेत, हे मला तेव्हा कळलं. शिपायानं त्यांचं नाव पुकारलं ते त्यांना ऐकू आलं नाही. शेजारच्यानं हलवलं. आत गेलो. साहेब रजेवर होते. कारकुनानं पुढची तारीख सांगितली आणि दुसरं प्रकरण पुकारलं.

बाहेर आल्यावर चाचा इकडेतिकडे बघत उभे राहिले. वकील दुसरीकडे गेलेला. अध्यक्ष फोनवर. मग ते माझ्यापाशी आले आणि कानामागे हात धरून विचारलं, "तारीख काय दिली?"

मी सांगितली. त्यांना ऐकू आली नाही. मी जवळ जाऊन मोठ्यानं सांगितली. त्यांनी खिशातून पेन काढलं, तळहातावर लिहिली, मला दाखवून खात्री करून घेतली आणि जिन्यानं खाली गेले. कठडा धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

शिवी दिली असती तर मी घरी जाऊन जेवलो असतो.

त्या तारखेला माझी साक्ष आहे. काल मी येवल्याला हे पत्र टाकलं.

*

आदरणीय हनीफचाचा यांस,
सलाम.

तुम्हाला फोनवर ऐकू येणार नाही आणि मला समोर बोलता येणार नाही, म्हणून लिहितो.

पुढच्या तारखेला मला पिंजऱ्यात उभं करतील. मी काय सांगणार आहे ते तुम्हाला आधी कळायला हवं. प्लेटा तुम्ही चोरल्या नाहीत. आदल्या दिवशी तुम्ही स्पर्धा पुढे घ्या म्हणालात, तेव्हा मी तिथं होतो. काढल्यावर तुम्ही फोन करून कुठं ठेवल्यात ते सांगितलंत, तो फोन मी घेतला होता. फिर्यादीत यातलं एक अक्षर नाही, कारण मी ते लिहिलं नाही. तिसऱ्या वाटेवरचा चौथा बोल्ट माझ्याकडे आहे, तो मी घेऊन येणार आहे. तुमचं म्हणणं खरं होतं हे मला एक वर्षापासून माहीत आहे. हेही मी सांगीन.

तुमच्या समाजाबद्दलचं आणि सणाबद्दलचं जे वाक्य आहे, ते मला वाचायला सांगितलं तर वाचीन. नाही सांगितलं तर परवानगी मागून वाचीन, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ते कुणी सांगितलं विचारलं तर अध्यक्षांचं नाव घेईन. कुणी लिहिलं विचारलं तर माझं. ते खोटं आहे, आणि लिहिताना ते खोटं आहे हे मला माहीत होतं.

नोकरीचं काय होईल ते होवो. माझ्या वडिलांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दोन वरीस कसाले थांबना तू?"

मी माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही "जाऊ दे" म्हणाल, आणि हे जाऊ देण्यासारखं नाही.

त्या दिवशी मी अध्यक्षांच्या गाडीतून येणार नाही. तुमची येवल्याची पहिली गाडी लागते तिथं स्टँडवर सकाळपासून उभा असेन. माझ्याशी बोलू नका, बघूही नका. मी तुमच्या मागून कोर्टापर्यंत चालत येईन. फिर्यादी कुणाबरोबर आला, ते लोकांना दिसू दे.

तुमचा,
भास्कर